दप्तरातले पुस्तक

ज्वारीची काढणी उरकली होती. तिन्हीसांजेला ओसरीवर बसलो असता शेजारचा शेतकरी तणतणत आला. हातात एक पुस्तक.

"आबा, हे बघा. पोरीच्या दप्तरात घावलं. नववीतलं पोरगं वर्गातल्या पोरीच्या नादाला लागलंय, अन् असलं शाळेच्या कपाटातनं वाचायला देत्यात! उद्यापासनं तिची शाळा बंद."

पुस्तक होते मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी. २००४ साली ती प्रसिद्ध झाली, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद, त्याचे टवाळ मित्र आणि त्याच्या मनात भरलेली शिरोडकर, अशी ती गोष्ट. मी म्हटले, "आजची रात्र पुस्तक माझ्याकडे राहू दे. शाळेचं उद्या बघू."

रात्री वाचायला बसलो. पोरांची भाषा रांगडी आहे, मास्तरांची टिंगल आहे. बापाला खटकावे असे पुष्कळ आहे. पण त्या वयाचे मन जसे असते तसेच लिहिले आहे. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदापुढे दहावी उभी राहते. मला सर्वांत आवडला तो नरूमामा. मनातले बोलायला मुकुंदाला घरचे एक माणूस आहे!

सकाळी शेजाऱ्याला विचारले, "'श्यामची आई' पोरीला वाचायला दिली होतीस का?"

"दिली की. मीच आणली हुती."

साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात कर्ज आहे, जप्ती आहे, आईचे मरण आहे. लेकराच्या मनाला याहून जड ते काय? तरी आपण ते डोळे पुसत वाचून दाखवतो. आनंद यादवांच्या 'झोंबी'त बाप पोराची शाळा सोडवून त्याला शेतात राबवतो. १९८७ सालच्या त्या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचून बापालाच आपला हात कुठे चुकतो ते उमगते. म्हणजे कर्ज, मार, मरण पोरांनी वाचलेले चालते; मनाची ओढ तेवढी चालत नाही. कारण तिथे बोलायची लाज आपल्याला वाटते.

शेजाऱ्याची भीती खोटी नव्हती. पोरीचे नाव एकदा पारावर गेले की पुसता पुसत नाही. पाचवीतल्या लेकराच्या हाती हे पुस्तक मीही देणार नाही. पण दहावीतल्या पोरीची शाळा बंद केली तर पुढे काय? स्थळे बघणे! अठरा पुरी व्हायच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तरी भीतीपोटी माणूस तिकडेच वळतो.

तोड काढली ती त्याच्या घरधनिणीने. ती सातवी शिकलेली. म्हणाली, "मला वाचून दाखव गं, मी शेंगा फोडते." चार रात्री मायलेकी चुलीपुढे बसल्या. पाचव्या रात्री पोरगी मधेच थांबली आणि रडू लागली. एस.टी.च्या थांब्यावर दोन पोरे रोज वाट अडवत होती. दिवाळीपासून.

"मग बोलली का नाहीस?" आईने विचारले.

"आबांनी शाळा बंद केली असती."

शेजारी हे सांगताना खाली मान घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः थांब्यावर गेला, मग शाळेत जाऊन गुरुजींना भेटला. पोरीची शाळा चालू आहे.

माय-बापहो, पुस्तकातली गोष्ट पोरांच्या आयुष्यात आधीच आलेली असते. दप्तरात असे पुस्तक सापडले तर चुलीत घालू नका. आधी स्वतः वाचा, मग लेकराला जवळ बसवा आणि विचारा, "तुला काय वाटलं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.