बुडालेले जहाज पाहायला जा
स्टॉकहोमसाठी एकच दिवस हाती असेल, तर तो राजवाड्यापेक्षा ‘वासा’ या जहाजाला द्यावा. सकाळी गामला स्तान या जुन्या शहरभागातल्या दगडी गल्ल्या पायी फिरून स्लुसेनहून बोटीने यूर्गोर्डेन बेट गाठावे. तिथल्या संग्रहालयात ही युद्धनौका उभी आहे. ती सफरीवर निघण्यापूर्वी तीस माणसांना तिच्या डेकवर धावायला लावले, तेव्हा ती इतकी कलली की चाचणीच थांबवावी लागली. तरीही तिला सोडले आणि १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत ती बंदराजवळ बुडाली. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून १९६१ साली ती जवळपास अख्खी वर काढता आली. आपली फजिती इतक्या निगुतीने जपून जगाला दाखवणाऱ्या देशाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. विजयस्तंभांपेक्षा अशा जागी मुलांना आधी न्यावे.