घर जपायचे, की नुसते छप्पर?

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची अवघ्या नऊ घरांची वाडी आहे. बँकर जॉन हारफर्ड यांनी आपल्या जहागिरीतील निवृत्त नोकरांसाठी ती १८११ च्या सुमारास वसवली. वास्तुरचनाकार होते जॉन नॅश. पुढे ब्रायटनच्या राजवाड्यावर हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढवणारे तेच. हिरवळीभोवती नऊ घरे, पण एकासारखे दुसरे नाही. कुठे गवताने शाकारलेले छप्पर, कुठे दगडी फरश्यांचे. आणि वर विटांची उंच, नक्षीदार धुराडी.

कोणी म्हणेल, हे सारे धन्याच्या डोळ्यांचे कौतुक! खेडे चित्रासारखे दिसावे, ही त्या काळच्या श्रीमंतांची हौसच होती. खरे आहे. पण थकल्या नोकराला एका साच्यातली खोली न देता स्वतःचा चेहरा असलेले घर मिळाले, हेही तितकेच खरे.

१९४३ पासून नॅशनल ट्रस्ट ही घरे सांभाळतो, आणि आजही तेथे भाडेकरू नांदतात. आपल्याकडे जुना वाडा वाचवायचा म्हटले की बहुधा कुलूपच आठवते. छपराइतकीच आतली चूल जपली, तरच घर वाचले म्हणायचे!