कार्तागोचा बाहुला आणि जबाबदारीचा प्रश्न

कोस्टा रिका हा देश आपल्याकडे कुणाला माहीत असलाच तर दोन गोष्टींसाठी. एक, 1948 साली त्यांनी लष्करच बरखास्त करून टाकलं. दोन, 2014 च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये उरुग्वे, इटली, इंग्लंड असल्या गटात हा जेमतेम पन्नास लाख वस्तीचा देश पहिला आला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. मला मात्र आज त्या देशातल्या एका क्लबबद्दल लिहायचंय. कार्ताखिनेस. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

हा क्लब कार्तागो या गावाचा. गाव म्हणतोय, पण एकेकाळी ही देशाची राजधानी होती. 1563 साली वसलेलं शहर. 1823 मध्ये राजधानी सान होसेला गेली आणि कार्तागो मागे पडलं. अंतर किती, तर वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे सत्ता अगदी शेजारी, डोळ्यांसमोर, पण आपली नाही. तालुक्याचं ठिकाण हातातून गेलेल्या गावात जी एक कुरबुर पिढ्यान् पिढ्या टिकते, ती ज्यांनी पाहिलीय त्यांना कार्तागो लगेच कळेल.

1 जुलै 1906 ला क्लब स्थापन झाला. चारच वर्षांनी, 4 मे 1910 ला, भूकंपात अख्खं शहर आडवं झालं. शेकड्यांनी माणसं गेली. मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचं मिळून एक न्यायालय 1908 पासून कार्तागोत होतं. त्याच्यासाठी अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून उभी राहिलेली इमारतही पडली आणि न्यायालयही सान होसेला गेलं. राजधानी गेली, कोर्ट गेलं. शहराच्या मधोमध एका चर्चच्या दगडी भिंती अजून तशाच उभ्या आहेत, लोक त्याला नुसतं 'अवशेष' म्हणतात. पुढे 1963 मध्ये डोक्यावरचा इरासू ज्वालामुखी जागा झाला तो 1965 पर्यंत राख ओकत होता. मधे एकदा चिखलाचा लोंढा गावात शिरला तो वेगळाच. एवढ्या सगळ्यात जे कुठे गेलं नाही, त्यात हा फुटबॉल क्लब आहे. निळा-पांढरा शर्ट. गावात धुकं फार, म्हणून संघाला 'ब्रुमोसोस' म्हणजे धुकेवाले म्हणतात. इरासूच्या उतारावर बटाटा पिकतो, म्हणून विरोधी पाठीराखे चिडवायला 'पापेरोस' म्हणतात, बटाटेवाले. आपल्याकडे कोल्हापुरात पेठेपेठेच्या संघांना एकमेकांबद्दल काय काय बोललेलं ऐकू येतं ते आठवा, त्याच जातीचं प्रेम हे.

आता मूळ मुद्दा. राष्ट्रीय लीग 1921 ला सुरू झाली. कार्ताखिनेसने 1923, 1936 आणि 1940 अशी तीन विजेतेपदं घेतली. आणि मग? मग काहीच नाही. एक वर्ष नाही, दहा वर्षं नाही, 1940 नंतर थेट 2022. 1940 ला दहा वर्षांचा असलेला पोरगा 2022 ला ब्याण्णव वर्षांचा झाला, जगला असेल तर. गेल्या काही वर्षांपासून तिथे वर्षाला दोन-दोन स्पर्धा होतात, म्हणजे संधी वर्षांपेक्षाही जास्त मिळाल्या.

याचं उत्तर म्हणून एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती आहे मोठी झकास. कार्तागोत ला नेग्रिता नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या मेरीमातेचं मोठं देवस्थान आहे. दरवर्षी 2 ऑगस्टला लाखो लोक पायी चालत तिथे येतात, अगदी आपल्या वारीसारखे. तर असं सांगतात, की 1940 चं विजेतेपद मिळाल्यावर खेळाडू पिऊन टाईट होऊन, कुणी म्हणतं घोड्यावर बसून, त्या देवळात घुसले. पाद्री भडकले आणि त्यांनी शाप दिला. दुसरी आवृत्ती अशी, की कुणीतरी मैदानात एक बाहुला पुरून ठेवलाय, तो निघत नाही तोवर कप नाही. हा 'बाहुला' तिथे इतका रुळला, की संघ हरला की लोक त्याचंच नाव काढायचे.

गोष्ट म्हणून मला ती आवडते. बातमी म्हणून मात्र ती मला खटकते, आणि का ते सांगतो.

आम्हा छोट्या गावातल्या पत्रकारांना असल्या बाहुल्यांची चांगली ओळख आहे. ओढ्यात प्लॉट पाडले, पहिल्याच मोठ्या पावसात घरं बुडाली, की मथळा तयार असतो: 'निसर्ग कोपला'. संस्था बुडाली की 'काळाचा घाला'. लिहायला सोपं, कुणी फोन करत नाही, जाहिरात थांबत नाही. कोप आणि घाला यांना माहिती अधिकारात अर्ज टाकता येत नाही हाच त्यांचा मोठा फायदा.

कार्ताखिनेसचं तेच झालं असं माझं स्पष्ट मत आहे. शाप होता तर 1994 ची उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाची क्लब स्पर्धा हा संघ कसा जिंकला? अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आतलांतेला 3-2 ने हरवून जिंकला. म्हणजे आख्ख्या खंडात पहिला आणि घरच्या लीगमध्ये शापित? बाहुल्याला फक्त कोस्टा रिकाचाच व्हिसा होता काय!

खरी कारणं जमिनीवरची आहेत. 1940 ला कार्ताखिनेस शेवटचं जिंकलं तेव्हा साप्रिसा हा आजचा सगळ्यात बलाढ्य क्लब जेमतेम पाच वर्षांचा होता आणि वरच्या श्रेणीत नव्हताच. तो 1949 ला वर आला, 1952 ला पहिल्यांदा जिंकला, आणि 2022 पर्यंत त्याच्या नावावर पस्तिसाहून जास्त विजेतेपदं जमा झाली. साप्रिसा, आलाहुएलेन्से आणि एरेदिआनो या तिघांनी मिळून लीग जवळपास वाटून घेतली. पैसा तिकडे, प्रेक्षक तिकडे, टीव्ही तिकडे. चांगला पोरगा कुठेही तयार झाला तरी त्याची नजर तिकडेच लागणार. 2003 मध्ये तर मेक्सिकोचा उद्योगपती होर्खे व्हेर्गारा याने साप्रिसा विकतच घेतला, 2011 पर्यंत तो त्याच्याकडे होता. असल्या ताकदीपुढे बटाट्याच्या गावचा क्लब.

पण नुसतं पैशावर ढकलणं हाही एक बाहुलाच. कारण 1986 ला पुंतारेनास जिंकलं. 2017 ला पेरेस सेलेदोन, 2019 ला सान कार्लोस, दोघंही पहिल्यांदाच. हे काही श्रीमंत क्लब नव्हेत. कार्ताखिनेसपेक्षा इतिहास कितीतरी लहान. त्यांना जमलं. मग प्रश्न येतो तो कारभाऱ्यांकडे. कोणता प्रशिक्षक कधी आणला, कधी हाकलला, पोरांच्या संघावर किती खर्च केला, पुढच्या पाच वर्षांचा काही विचार होता का? 2013 ची अंतिम फेरी बघा. एरेदिआनोविरुद्ध कप हातात आल्यासारखा होता, पेनल्टीवर गेला. दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची, तर बाहुल्याची. अशाने दरवेळी संचालक मंडळ सुटतं, आणि पाठीराखा बिचारा देवळात जाऊन माफी मागतो. ज्याने काही केलं नाही तो माफी मागतो!

याच पाठीराख्याबद्दल मला खरं तर जास्त वाचायला आवडलं असतं. फेल्यो मेसा हा 1936 आणि 1940 च्या संघातला थोर खेळाडू, त्याच्या नावाचं स्टेडियम गावात आहे. तिथे आजोबांनी नातवाला नेलं, त्या नातवाने पुढे आपल्या पोराला नेलं, आणि तिघांपैकी एकानेही कप पाहिला नाही. तरी तिकीट काढलं. वीस किलोमीटरवर जिंकणारा संघ असताना हरणाऱ्याचं तिकीट काढलं. मार्केटिंगवाल्यांना यातलं काही कळणार नाही, आणि त्यांना कळावं अशी माझी इच्छाही नाही.

2022 मध्ये प्रशिक्षक गेइनर सेगुरा यांच्या संघाने आलाहुएलेन्सेला हरवलं आणि चौथं विजेतेपद आलं. कार्तागोचे रस्ते माणसांनी भरून गेले. म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडली. आणि जगभरच्या बातम्यांचा मथळा काय? 'शाप संपला'. सेगुरा यांनी संघ कसा बांधला, कोणते खेळाडू टिकवले, या वेळी काय वेगळं केलं, हे शोधायला गेलं तर चार बातम्या चाळाव्या लागतात. जिंकल्याचं श्रेयसुद्धा शेवटी बाहुल्याच्या निघून जाण्यालाच दिलं.

आता तरी कार्तागोच्या स्थानिक पत्रकारांकडे बाहुला उरलेला नाही. पुढच्या पराभवानंतर क्लबच्या सभेत कुणीतरी ताळेबंद मागेल, नव्या खेळाडूंच्या करारांचे आकडे विचारेल. मी तिथे असतो तर पहिल्या रांगेत वही घेऊन बसलो असतो.