न्यूट्रॉनांच्या माऱ्यातील तांबे

फ्रान्समधील कादाराश येथे 'इटर' ही जी संलयनभट्टी उभी राहत आहे, आणि जिच्या उभारणीत भारत 2005 सालापासून भागीदार आहे, तिच्या तळाशी टंगस्टनच्या ठोकळ्यांतून जाणाऱ्या, क्रोमियम व झिर्कोनियम अल्पांशाने मिसळलेल्या तांब्याच्या नळ्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कारण दर चौरस मीटरला सुमारे 10 मेगावॉट उष्णता सोसून ती आतल्या पाण्याच्या स्वाधीन करण्याची जोखीम त्यांच्यावर आहे, आणि धातूत वीज व उष्णता या दोहोंची वाहतूक मुख्यतः इलेक्ट्रॉनच करीत असल्यामुळे विद्युद्वाहकता खालावली की उष्णतावहनही खालावते.

संलयनातून सुटलेला वेगवान न्यूट्रॉन या तांब्याच्या स्फटिकातील अणूंना जागचे हुसकावतो, आणि रिकाम्या राहिलेल्या जागा एकत्र येऊन नॅनोमीटरभर आकाराचे चतुष्फलक बनतात. तथापि हे नुकसान लवकरच एका मर्यादेस पोचून थबकते, व धातू तापविल्यास बरेचसे भरूनही निघते. आम्हांस खरी चिंता वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. तांबे-63 न्यूट्रॉन गिळून तांबे-64 होते, 12.7 तासांत त्यातले निम्मे क्षय पावते, आणि मागे निकेल व जस्त राहते. यांपैकी निकेल तांब्यात पूर्णपणे विरघळते, विद्युद्रोध जस्ताहून पुष्कळच अधिक वाढविते, आणि कितीही तापविले तरी बाहेर निघत नाही.

हे रूपांतर मंद न्यूट्रॉनांच्या अमलात विशेष जोराने चालते, आणि चाचणीच्या विखंडनभट्टीत त्यांचे प्रमाण बहुधा संलयनभट्टीहून अधिक असते; सबब विखंडनभट्टीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे संलयनभट्टीच्या खाती जसेच्या तसे दाखल करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.