दूरशिक्षणाची पदविका आणि बँकेचे दार

ठाणे, प्रतिनिधी

बँकेतील नोकरी हे मराठी मध्यमवर्गाचे जुने स्वप्न. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर ते सामान्य घरांच्या आवाक्यात आले. दिव्यासारख्या, महापालिका ठाण्याची पण धावपळ मुंबईची असलेल्या उपनगरात हे स्वप्न बाळगणारा पदवीधर दिवसा मिळेल ती नोकरी करतो आणि बँकिंगमधील पदव्युत्तर पदविका वा पदवी दूरशिक्षणाने घेण्याचा विचार करतो. मात्र ही पात्रता बँकेच्या नेमक्या कोणत्या दाराशी चालते, हा प्रश्न शुल्क भरण्यापूर्वीच विचारला जायला हवा.

दूरशिक्षणाकडे ओढा असण्याचे कारण उघड आहे. दिवेकरांकडे पैशांइतकाच वेळही कमी आहे. जलद लोकलना येथे थांबा मिळाला तो २०१६ च्या अखेरीस. ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा मार्ग २०२२ मध्ये खुला झाला. तरीही गर्दी ओसरली नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवाशांचा बळी गेला, तेव्हा या मार्गावरील प्रवासाचे भीषण वास्तव साऱ्यांसमोर आले. अशा गाडीत पुस्तक उघडणे दूरच, उभे राहण्यास जागा मिळाली तरी पुरे. साहजिकच अभ्यासासाठी उरतात ते रात्रीचे एक-दोन तास आणि रविवार. हे तास कशावर खर्च करायचे, हाच खरा प्रश्न आहे.

दूरशिक्षणाची परंपरा राज्याला नवी नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्येच ही सोय सुरू केली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कागदोपत्री दर्जाचा वाद त्यामुळे मिटला. भरतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे.

सार्वजनिक बँकांतील लिपिक आणि परिविक्षाधीन अधिकारी पदांसाठी आयबीपीएस सामाईक परीक्षा घेते. तेथे कोणत्याही शाखेची पदवी पुरेशी असते. पदव्युत्तर पात्रतेला वेगळे गुण नाहीत. उलट वयाची अट कडक आहे. खुल्या प्रवर्गासाठी लिपिकपदाची कमाल वयोमर्यादा २८ वर्षे, तर अधिकारीपदाची ३० वर्षे आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मागे टाकून पदविकेत दोन वर्षे घालवणाऱ्या पंचविशीतील उमेदवाराला ही दोन वर्षे महागात पडू शकतात. मनुष्यबळ वा विपणन विषयातील विशेषज्ञ अधिकाऱ्यांच्या जाहिरातींत तर दोन वर्षांच्या 'पूर्णवेळ' पदव्युत्तर अभ्यासक्रमाची अट राहिली आहे. म्हणजे समकक्षता मान्य असूनही 'पूर्णवेळ' या एका शब्दापाशी दूरशिक्षणाचा विद्यार्थी अडतो.

याउलट, एकदा बँकेत प्रवेश मिळाला की घरबसल्या केलेल्या अभ्यासाला रोख मोल येते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा बँक कर्मचाऱ्यांसाठीच आहेत. त्या उत्तीर्ण झाल्यास वेतन करारांनुसार जादा वेतनवाढ मिळते आणि बढतीच्या वेळीही त्यांचा उपयोग होतो. कोषागार, जोखीम व्यवस्थापन, लेखा आणि कर्ज व्यवस्थापन या विभागांतील कर्मचाऱ्यांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम ठरवण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये बँकांना केली. याचा अर्थ, बँका ज्ञानाला किंमत देतात. पण ती प्रामुख्याने दाराच्या आत आलेल्यांना.

मग बाहेरच्याने दूरशिक्षण घेऊच नये काय? तसे नाही. ठाणे जिल्ह्यात टीजेएसबी, डोंबिवली नागरी, कल्याण जनता यांसारख्या सहकारी बँका आहेत. शिवाय पतसंस्था, वित्त कंपन्या आणि खासगी बँका आहेतच. त्यांची भरती त्यांच्या स्वतःच्या निकषांवर होते. तेथे विषयाची जाण मुलाखतीत उपयोगी पडते. आधीच अशा संस्थेत काम करणाऱ्यालाही पदविकेचा लाभ होऊ शकतो. मात्र तो आपल्या संस्थेच्या नियमांत बसतो का, हे आधी विचारून घेणे हिताचे.

प्रवेशापूर्वी आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. संबंधित विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला त्या शैक्षणिक वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. २०२० च्या नियमावलीनुसार अभ्यासकेंद्र फ्रँचायझीने चालवण्यास बंदी आहे. त्यामुळे स्थानकाबाहेरच्या फलकावरील 'नोकरीची हमी' वाचून पैसे भरणे धोक्याचे आहे.

थोडक्यात, क्रम महत्त्वाचा. वय हाताशी आहे तोवर रात्रीचे तास भरती परीक्षेला द्यावेत आणि नोकरी लागल्यावर व्यावसायिक पात्रतेला. पदविका घ्यायचीच असेल, तर ती कोणत्या पदासाठी आणि कोणत्या नियमाने ग्राह्य आहे, हे लेखी पाहूनच घ्यावी. बँकांनीही 'पूर्णवेळ' या अटीचा फेरविचार करायला हवा. ज्यांना नोकरी सोडून वर्गात बसणे परवडत नाही, त्यांच्यासाठीच दूरशिक्षण उभे राहिले. समकक्षतेचा शब्द जाहिरातीत उतरत नाही तोवर दिव्याच्या विद्यार्थ्याला तो कागदावरच वाचावा लागेल.