मोजमापाची शेती

पेरणीच्या दिवसांत तिफणीमागून चालणाऱ्या कुशल बाईचा हात पाहण्यासारखा असतो. चाड्यावर मूठ धरून ती चालत असते आणि मुठीतून बी सारख्या प्रमाणात गळत असते. मूठ सैल झाली की रोपे दाट उगवतात. आवळली की ओळीत नांगे पडतात. तिच्याजवळ तराजू नसतो, तरी तिचे माप चुकत नाही.

तीच गोष्ट वाफशाची. पाऊस पडून गेल्यावर जाणता शेतकरी घाईने औत जुंपीत नाही. तो आधी मूठभर माती उचलून दाबून पाहतो. हाताला चिखल लागला तर तो थांबतो. गोळा झाला आणि खाली टाकताच फुटला, तर वाफसा आला असे तो मानतो. मातीच्या कणांमधील पोकळीत पाणीही असावे आणि हवाही असावी, अशा स्थितीला वाफसा म्हणतात. पिकांच्या मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते, हे सत्य या एका शब्दात साठवलेले आहे.

तेव्हा शेती ही पूर्वीपासूनच मोजमापाची विद्या आहे. परंतु मोटेच्या जागी विजेचा पंप आला, नदीचे पाणी पाटाने शिवारात खेळू लागले, खते गोण्यांतून मिळू लागली, आणि हे माप हळूहळू सुटत गेले. मोट ओढताना बैल दमत असे, म्हणून पाण्याची किंमत कळत असे. पंप दमत नाही. रात्री वीज आली की तो आपोआप सुरू होतो, आणि धनी झोपेत असताना सऱ्या तुडुंब भरतात. जितके पाणी अधिक तितका ऊस अधिक, असा समज रूढ झाला.

हा समज किती महाग पडतो, हे कृष्णाकाठाने अनुभवले आहे. सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील हजारो हेक्टर सुपीक काळी जमीन क्षारपड झाली आहे. तेथे पाण्याचा तुटवडा नव्हता. पाणी अति झाले, आणि त्याचा निचरा झाला नाही. भारी काळ्या जमिनीत जिरलेले पाणी खाली साचते व त्याची पातळी वर चढते. त्यात विरघळलेले क्षार वर येतात. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मात्र मातीत मागे राहतात. जेथे उसाचे फड डोलत होते, तेथे पांढरा थर दिसू लागतो. दुष्काळाने एक हंगाम बुडतो. परंतु अशी जमीन बिघडली की पुढच्या पिढीचा घासच हिरावला जातो.

म्हणूनच आज जिला काटेकोर शेती म्हणतात, तिचे महत्त्व आहे. पिकाला जे हवे ते, जेथे हवे तेथे आणि हवे तेवढेच द्यावे, हे तिचे सूत्र होय. त्यासाठी नवी साधने उपलब्ध झाली आहेत. त्यांतील काही अगदी साधी आहेत. ओलावा मोजण्याची एक नळी असते. तिच्या टोकाला सच्छिद्र मातीची टोपी असते व नळीत पाणी भरलेले असते. जमीन कोरडी पडू लागली की ती टोपीतून पाणी ओढून घेते आणि वरच्या तबकडीवरील काटा सरकतो. मुठीने जो वाफसा वरच्या थरात कळतो, तो या नळीने मुळांजवळ कळतो.

दुसरे साधन आकाशात आहे. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहांच्या चित्रांत सर्वांत लहान चौकोन १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत पाठवते. या दोहोंची तुलना केली की कोणत्या गुंठ्यातील पीक रोडावले आहे, ते ओळखता येते. मग सगळ्या शेतात सरसकट खत फेकण्याचे कारण उरत नाही. नाशिकच्या द्राक्षबागांत पाने किती वेळ ओली राहिली, हे मोजणारी यंत्रे लावतात. कारण पाने बराच वेळ ओली राहिली की केवडा रोगाला वाव मिळतो. वेळीच सूचना मिळाल्यास निष्कारण फवारणी टळते. बारामती येथे उसाच्या शेतांत ओलाव्याची नोंद, हवामानाची नोंद आणि उपग्रहाची चित्रे यांचा मेळ घालून संगणकाच्या साहाय्याने शेतकऱ्याला सल्ला देण्याचे प्रयोग झाले आहेत.

यावर काही जण शंका घेतात, आणि ती रास्त आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतात एका शेतकरी खात्याकडे सरासरी १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांहूनही कमी जमीन आहे. एवढ्याशा तुकड्यासाठी महागडी यंत्रे कोण घेणार? कर्ज काढून यंत्र घेतले आणि भाव पडला, तर लहान शेतकरी अधिकच अडचणीत येईल. ही साधने केवळ मोठ्या बागाइतदारांच्या बांधावर उभी राहिली, तर त्यांनी जमीन वाचेल, पण गाव वाचणार नाही.

यास्तव यंत्र एकट्याचे नसावे, गावाचे असावे. पाऊस, वारा आणि आर्द्रता मोजणारे एक केंद्र आसपासच्या अनेक शेतांना उपयोगी पडते. फवारणीचे ड्रोन प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. ते भाड्याने मिळू शकते. सहकारातून साखर कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. आणखी एक दक्षता हवी. शेतातून गोळा होणारे आकडे हेही शेतकऱ्याचे धन आहे. ते कोणाला द्यावेत आणि कशासाठी द्यावेत, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

दुसरी शंका अशी की, यंत्र सांगू लागले म्हणजे माणसाची जाण लोपेल. परंतु यंत्र केवळ आकडा सांगते. तो आकडा खरा की नळीची टोपी बुजल्यामुळे चुकलेला, हे माती हाताळणारालाच कळते. पीक पिवळे पडले एवढे चित्रात दिसते. ते पाण्याअभावी, किडीमुळे की मुळे कुजल्यामुळे, हे बांधावर जाऊन पाहावे लागते. ज्याने कधी मातीची मूठ दाबून पाहिली नाही, त्याला तबकडीवरचा काटाही फारसे काही सांगणार नाही.

जुन्या पिढीजवळ माप होते, ते हातात होते. नव्या पिढीला ते यंत्रातही मिळेल. शेतकऱ्याच्या घरातील मुलाने मोबाइलवरील आकडा आजोबांना वाचून दाखवावा आणि आजोबांनी त्याच्या मुठीत माती देऊन वाफसा शिकवावा. दोन्ही मापे जुळतील तेव्हा पाण्याचा थेंब वाया जाणार नाही, आणि पूर्वजांनी राखलेली जमीन पुढच्या पिढीच्या हाती सुपीकच सोपवता येईल.