कायदा बाटलीपाशीच का थांबला?




तान्ह्या बाळासाठी प्लास्टिकची वस्तू घेताना हल्लीचे आई-वडील ‘बीपीए फ्री’ हे दोन शब्द शोधतात. ते दिसले की जीव भांड्यात पडतो. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून उभी हयात काढल्यानंतर मला हे ठामपणे सांगावेसे वाटते, की या दोन शब्दांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. यात आई-वडिलांचा दोष नाही. आपले नियमच अर्ध्या वाटेत थांबले आहेत.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. काचेसारखे पारदर्शक, कडक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्यापासून बनते. बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते, हे शास्त्रज्ञांना १९३०च्या दशकापासून ठाऊक होते. अमेरिकेत १९९८ मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून जहाल साबणाने धुतले गेले आणि उंदरांच्या बीजांडांत गुणसूत्रांचे दोष एकाएकी वाढले. शोध घेतल्यावर कळले, की खराब झालेल्या प्लास्टिकमधून बीपीए झिरपत होते. आता आपल्या घरातली बाटली आठवा. दिवसातून चार-पाच वेळा ब्रशने घासलेली, उकळत्या पाण्यात बुडवलेली, आतून चरे पडून पांढुरकी झालेली.

‘मात्रा अगदी नगण्य असते’ असे उत्पादक सांगतात. वरच्या दुधावरचे लहान बाळ दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीडशे मिलिलिटर दूध पिते. साठ किलोच्या माणसाने त्या हिशेबाने प्यायचे म्हटले तर दिवसाला नऊ लिटर होतील, आणि तेही सगळे एकाच प्रकारच्या भांड्यातून. मोठ्यांसाठी नगण्य असलेली मात्रा बाळासाठीही नगण्य, असे कसे मानायचे? युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुसह्य मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. आधीची मर्यादाही सुरक्षित म्हणूनच सांगितली जात होती.

युरोपीय संघाने २०११ मध्ये दूधबाटल्यांतून बीपीए हद्दपार केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात तेच केले, आणि आयएसआय चिन्हाशिवाय दूधबाटली विकण्यास १९९२ च्या कायद्यानेच मनाई आहे. हे चांगलेच झाले. पण ते मानक दूधबाटलीचे आहे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या हाती सिपर येतो, भरवायचा चमचा येतो, खिमटीचा डबा येतो. तोंड तेच, पोट तेच. मग नियम बाटलीपुरताच का? आठवडी बाजारात मी एक सिपर हातात घेऊन पाहिला. झाकणावर ‘बीपीए फ्री’चा चकचकीत स्टिकर होता, तळाला त्रिकोणात ७ हा आकडा, म्हणजे ‘इतर प्लास्टिक’, ज्यात पॉलिकार्बोनेटही मोडते. उत्पादकाचे नाव, पत्ता काही नाही. हा स्टिकर कोणी, कशाच्या आधारावर लावला, हे आईने कुठे विचारायचे?

समजा तो स्टिकर खरा आहे. तरी बीपीए काढून त्याच्या जागी अनेकदा त्याचेच भावंड वापरले जाते, बिस्फेनॉल-एस. तेही संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत बीपीएबरोबर इतर घातक बिस्फेनॉलांवरही बंदी घातली. एकेक नाव वेगळे काढत बसलो तर आपण कायम एक पाऊल मागेच राहू.

नियम आहेत तिथेही प्रश्न सुटलेला नाही. पीव्हीसी प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट्स या रसायनांबद्दल खेळण्यांच्या मानकात मर्यादा आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तरीही उग्र वासाची, बिनचिन्हाची मऊ खेळणी हातगाडीवर मिळतात आणि बाळ ती तासन्‌तास चघळते. नियम कागदावर असणे आणि बाजारात असणे यांत अंतर आहे.

आईच्या दुधाला तोड नाही, हे मी हजारदा सांगितले आहे. पण प्रत्येकीला ते जमतेच असे नाही, आणि कामावर जाणाऱ्या आईला दूध काढून ठेवावे लागते. तिला अपराधी वाटू न देता सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वाटी-चमचा किंवा बोंडले वापरा. ती उकळायला सोपी, त्यांत कोपरे-सांधे नाहीत, आणि स्टीलची वाटी सगळ्यांना परवडते. बाटली लागतेच तर काचेची किंवा स्टीलची घ्या. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचीच असेल तर पावडरचे दूध तिच्यात गरम पाण्याने बनवू नका. स्टीलच्या भांड्यात बनवून, कोमट करून मग ओता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाणी जितके गरम तितके बाटलीतून सुटणारे सूक्ष्म प्लास्टिकचे कण जास्त आढळले, अगदी लिटरमागे लाखांच्या घरात आणि त्याहून वर. मायक्रोवेव्हमध्ये तर बाटली ठेवूच नये. चरे पडलेली बाटली थोरल्याची म्हणून धाकट्यासाठी जपून ठेवू नका.

पण हे सारे आईच्याच माथी मारून चालणार नाही. दुकानात उभी राहून तिने रसायनशास्त्र शिकावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला, मग ती बाटली असो, सिपर असो की चमचा, एकच सक्तीचे मानक असावे आणि त्यात सगळी बिस्फेनॉल व थॅलेट्स यावीत. ‘बीपीए फ्री’ लिहिणाऱ्याने चाचणीचा दाखला दिलाच पाहिजे. मानक ब्युरोने आणि राज्याच्या यंत्रणेने बाजारातून नमुने उचलून निकाल ब्रँडच्या नावानिशी जाहीर करावेत. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली